आवणीचा जावई

साखरशेत, ता. जव्हार
२२ मे २००२

चि. सौ. जयवंतीस सोमीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. तू म्हणतेस फोन कर. जव्हारच्या त्या फोनच्या दुकानात काचेच्या पेटीत उभं केलं की समोर लाल आकडे पळायला लागतात, आन् मला काय बोलायचं तेच सुचत नाय. मागच्या वेळी सगळा वेळ ऐकू येतंय का, ऐकू येतंय का, यातच गेला. म्हणून पत्रच बरं. पत्रात मधे कोणी बोलत नाय.

आता तुझ्या त्या चंदूचं. मूळ दाभोशाचा, तुमच्या बोईसरला हरेशभाऊ कामाला आहेत त्याच दोऱ्याच्या कंपनीत मशीनवर, दारू नाय, तंबाखू थोडी, दात चांगले. जयू, तू जावई सुचवतेस का बैल दाखवतेस? ममताने ते पत्र माझ्या आधी वाचलं, आन् मी वाचल्यावर परत वाचलं. पोर दहावी शिकलेली आहे, तिला विचारायला पाहिजे, असं तुझे भावजी म्हणाले. मी म्हटलं, विचारा. ते चुलीपुढे जाऊन बसले, बापलेकीने चहा पिला, आन् ते उठून आले. विचारलं काहीच नाय. पण चहा तिने साखर घालून दिला होता, म्हणजे तिची हरकत नसावी.

माझी आहे. आपल्यात ठरलेला जावई लग्नाआधी एक पावसाळा सासऱ्याच्या शेतात आवणीला उतरतो. राबातलं रोप उपटतो, मुठी बांधतो, चिखलात लावतो, आन् सासू त्याच्याकडे बघत बसते. तुझे भावजी आपल्या बाच्या शेतात आले तेव्हा तू लहान होतीस. बाने त्यांना पहिल्याच दिवशी सगळ्यात खोल खाचरात उतरवलं. ते एक शब्द बोलले नाय. अजून बोलत नाय.

तर चंदूने आवणीला यावं. कंपनीचं मला काय कळत नाय. पण कंपनीने एक दिवस दार लावून घेतलं तर या माणसाच्या हाताला काय येतं, ते मला आधी बघायचं आहे. एकच पोर आहे माझी. ती खाली जाणार आन् मी इथं डोंगरावर. रोज काय मी वाकून बघणार आहे?

हरेशभाऊंना विचारलं म्हणून सांग. माझ्यावर माया ठेव. राग आला तर तोही लिही, पण लिही.

तुझी ताई,
सोमी

---

बोईसर
५ जून २००२

ती. सोमीताईस जयवंतीचा सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक. तुझी अट ह्यांना वाचून दाखवली, तर हसता हसता ह्यांनी शर्टावर चहा सांडला. मग गंभीर झाले आणि म्हणाले की तुझ्या बहिणीला नीट समजावून सांग. म्हणून सांगते, रागावू नकोस.

चंदू ह्यांच्यासारखा कायम नाही, ठेकेदाराकडून लागलेला आहे. तीन पाळ्या चालतात. ऐन जुलैत कोणी रजा देत नाही. सुपरवायझरने त्याला शब्द दिला आहे की एकही खाडा न करता दिवाळीपर्यंत काढलंस तर तुझं नाव कायमच्या यादीत टाकतो. कायम म्हणजे काय ते तुला वर बसून नाही कळायचं. फंड कापला जातो, आजारी पडलं तर दवाखाना असतो, आणि उद्या काम असेल की नाही या विचाराने झोप उडत नाही. एवढं सगळं सोडून त्याने तुझ्या चिखलात यायचं का?

ताई, तो रिवाज जेव्हा पडला तेव्हा शेत सोडून दुसरं काही नव्हतंच. आता माणूस आठ-आठ तास मशीनपुढे उभा राहतो, तेही राबणंच आहे. आणि एक विचारू? दिवाळी झाली की तू आणि भावजी स्वतःच वीटभट्टीवर भिवंडीकडे खाली येता. मग चंदू खाली राहिला तर बिघडलं कुठे?

रानात भाजीला शेवळं निघाली असतील. मला इथे मिळत नाहीत, मिळाली तर शिजवूनही घशाची खाज जात नाही. तुझ्या हातची आठवण येते. लहान बहिणीवरची सावली अशीच राहू दे.

तुझी,
जयवंती

---

साखरशेत
१४ जुलै २००२

चि. सौ. जयवंतीस आशीर्वाद. वि. वि.

आधी भट्टीचं. आम्ही भट्टीवर जातो ते इथं पोटाला उरत नाय म्हणून जातो, आन् पाऊस तोंडावर आला की परत येतो. जे परत येत नाय त्यांचं मी बोलते. तू परत आलीस का? गौरीला दोन दिवस येतेस, त्यातला एक प्यायचं पाणी उकळण्यात जातो.

आता ऐक तुझ्या चंदूचा पराक्रम. परवा सकाळी मी राबात रोप उपटत होते. बांधावर एक माणूस येऊन उभा. डोक्यावर पावसाचं इरलं, हाताला काड्यांसारखी बोटं. मी म्हटलं कोण? तर म्हणे मी लक्ष्या, दाभोशाचा, चंदूचा चुलतभाऊ. चंदूला सुट्टी नाय, म्हणून त्याच्या वतीने आवणी करायला आलो, माझी मजुरी तो देणार.

जयू, जावई भाड्याने पाठवला! मी हातातली मूठ तशीच फेकली. शेजारची धोंडीबाई बांधाला टेकून हसत होती, म्हणाली लग्नात अंतरपाटामागे पण यालाच उभा करणार का? आता सगळ्या पाड्यात तेच चाललंय. पाण्याला गेलं तरी तेच.

परत पाठवणार होते. पण आभाळ भरलेलं, माणसं मिळत नाय, सगळे तुमच्याकडे खाली. ठेवला. आन् आता काय सांगू, मेला काम असं करतो की बघत राहावं. ओळ दोरीत धरल्यासारखी. दुपारी ओढ्यातल्या चिंबोऱ्या काढून आणतो आन् तुझ्या भावजींना देतो. दोघं गप्पा मारतात. माझ्याशी तुझे भावजी सगळ्या संसारात जेवढं बोलले नाय तेवढं लक्ष्याशी तीन दिवसात बोलले. मी ममताला म्हटलं, याच्याशीच उरकून टाकू. ती हसली नाय. लक्ष्याला दोन पोरं आहेत, एवढं सांगून आत गेली.

तर निरोप दे. खालची खाचरं लागली. वरचं खाचर मी मुद्दाम रिकामं ठेवलं आहे. त्याचं रोप राबात तसंच उभं आहे. ते चंदूने स्वतः येऊन लावायचं. रोप म्हातारं व्हायच्या आत आला तर सोयरीक, नायतर त्याने लग्नही लक्ष्याकडूनच करून घ्यावं.

पाऊस फार आहे, कागद ओलसर लागेल. तुझी ओढ आहे म्हणून एवढी शाई घालवते.

सोमी

---

साखरशेत
१६ जुलै २००२

ती. मावशीस ममताचा सा. न. वि. वि.

हे पत्र आई लक्ष्यादादाला वाढत असताना लिहिते आहे, म्हणजे मला बराच वेळ आहे. तो भाकऱ्या मोजू देत नाही.

आई बोलते तेवढी निश्चिंत नाही. रोज संध्याकाळी इरलं घेऊन वरच्या खाचराकडे जाते, रोपाला हात लावून बघते आणि घरी येऊन उगाच बाबांवर ओरडते. बाबांनी गुपचूप थोडं लावून टाकूया असं म्हटलं तर त्यांना जेवायला मिळालं नाही. खाचर पडीक राहिलं तर गावात नाक कापलं जाईल आणि भातही कमी येईल, हे तिलाही कळतं. पण शब्द गेला म्हणजे गेला.

मी चंदूला जव्हारच्या दसऱ्याला एकदाच पाहिलं आहे. तो पांढरे बूट घालून पाळण्यात बसून घाबरला होता आणि घाबरलो नाही असं मित्रांना सांगत होता. त्याला माझा निरोप दे की आईचंही ऐकू नकोस आणि मावशीचंही ऐकू नकोस. नोकरी त्याची आहे. पण येणार असेल तर स्वतः यावं आणि पांढरे बूट घालून येऊ नये.

तुमच्या कंपनीत पॅकिंगला दहावी झालेल्या मुली खरंच घेतात का? मी विचारलं हे आईला सांगू नकोस. भाचीवर असाच जीव असू दे.

तुझी,
ममता

---

साखरशेत
३० जुलै २००२

चि. सौ. जयवंतीस आशीर्वाद. वि. वि.

आला. धो धो पावसात, पाठीला पिशवी आन् पायात पांढरे बूट. ममताने ते बूट बघितले आन् तोंड फिरवून हसली, का ते मला कळलं नाय.

मला वाटलं, पोराने माझ्या शब्दाखातर कंपनीला लाथ मारली. मी फुगले. गरम आंबील दिली, तुझ्या भावजींचं कोरडं धोतर दिलं, आन् धोंडीबाईला मुद्दाम बोलावून सांगितलं की बघ बाई, पोरीसाठी कायमची नोकरी सोडून आला. तो खाली मान घालून बसलेला. मला वाटलं लाजतो.

दुसऱ्या दिवशी वरच्या खाचरात उतरवला. जयू, काय सांगू तुला! शेतकऱ्याचं पोर, पण हात मशीनचे झालेत. मूठ धरली की पेनासारखी धरतो. रोप चिखलात खुपसत नाय, ठेवतो. संध्याकाळपर्यंत ओळ ओढ्यासारखी वळत गेली, आन् सकाळी बघते तर अर्धं रोप पाण्यावर तरंगतंय. लक्ष्या बांधावर पोट धरून बसला. मी बोलले. खूप बोलले. तू मला ओळखतेस. त्याने ऐकून घेतलं, तरंगतं रोप गोळा केलं आन् पहिल्यापासून लावायला लागला.

दुपारी सगळे भाकर खायला बसलो. धोंडीबाई होतीच, ती कुठं नसते? तेव्हा तो म्हणाला, मामी, तुम्ही समजता तसं नाय. मी नोकरी सोडली नाय, मला काढलं. ठेकेदाराची जी माणसं जुनी होत आली होती त्या सगळ्यांना एकाच दिवशी घरी पाठवलं, कायम करायला लागू नये म्हणून. नोकरी असती तर आलो असतो का, ते मलाच माहीत नाय.

माझ्या हातातला घास तसाच राहिला. धोंडीबाईचे डोळे असे चमकले, जसं काय तिच्याच घरी पोरगं झालं. मला एवढा राग आला की विचारू नको. पण रात्री पडल्यावर वाटलं, याला खोटं बोलावंही लागत नव्हतं. नुसतं गप्प बसला असता तरी मी आयुष्यभर त्याची आरती केली असती.

खाचर अजून अर्धं आहे. बोटं सुजलीत त्याची. तू बरी आहेस ना? खुशाली कळव, ताईला विसरू नको.

सोमी

---

बोईसर
८ ऑगस्ट २००२

ती. सोमीताईस जयवंतीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मला रडू आलं आणि हसूही आलं. पण आता मोठेपणा तुझ्याकडे ठेवून माझं ऐक. हे सोयरिकीचं जरा थांबवूया.

मी चंदू सुचवला तो दिवाळीला कायम होईल या भरवशावर. आता तो कुठेच नाही. खोलीही सुटली. हे म्हणतात, ठेकेदार परत बोलावतील पण कधी ते सांगता येत नाही, आणि बोलावलं तरी पुन्हा काही महिन्यांनी तेच. कायम माणसं आता कंपनीला नकोतच. ह्यांच्या खात्यात नवीन एकही कायम केलेला नाही. हे शेवटच्यातले.

इतकी वर्षं मी तुला सांगत आले की खाली ये, खाली सगळं आहे. मग आता कोणत्या तोंडाने तुझी एकुलती एक मुलगी असल्या माणसाला देऊ? मोखाड्याच्या पंचायत समितीत एक कारकून आहे, ह्यांच्या ओळखीचा. सरकारी नोकरी, मोटारसायकल आहे. त्याला तुझ्याकडे बघायला पाठवते. नाही म्हणू नकोस.

माझ्या बोलण्यात उणंअधिक झालं तर पोटात घाल.

तुझी,
जयवंती

---

साखरशेत
१९ ऑगस्ट २००२

चि. सौ. जयवंतीस आशीर्वाद. वि. वि.

आधी तूच बैल दाखवलास आन् आता तूच दावं सोडतेस!

तुझा कारकून येऊन गेला. माणूस वाईट नाय. पण मोटारसायकल डांबरीवरच ठेवून चालत यावं लागलं, त्याने त्याचा सगळा मूड गेला. बसल्या बसल्या विचारलं, घरापर्यंत रस्ता कधी होणार? मी म्हटलं, पंचायत समितीत तुम्ही बसता, मी बसत नाय. मंग चहा न पिताच उठला. ममताने चहात साखर घातलीच नव्हती, ते बरंच झालं.

आता चंदूचं. खाचर लावून झालं. ओळ वाकडी आहे, येणारा जाणारा हसतो, पण रोपाने धरलं. हिरवं झालं. हाताला काय येतं ते मला बघायचं होतं. काही येत नाय. पण जमेपर्यंत वाकून राहतो, आन् पोटात एक ओठात एक असं नाय. माझी परीक्षा तेवढीच होती. तू घातलेली परीक्षा तो नापास झाला, त्याला मी काय करू? तुझी तर कंपनीच पेपर फाडून टाकते.

जयू, तोंडाचं कशाला बोलतेस? तू खाली ये म्हणालीस म्हणून काय गुन्हा केलास? पण नोकरी गेली म्हणून माणूस नाकारायचा झाला, तर आपल्या साखरशेतात एकाचं लग्न झालं नसतं.

ठरलं. चंदूच. उन्हाळ्यात लग्न. हरेशभाऊंना सांग, अंतरपाट धरायला यायचं आहे, शर्टावर चहा सांडायला नाय. तुझं माणूसपण माझ्यासाठी असंच राहू दे.

सोमी

---

बोईसर
१८ नोव्हेंबर २००२

ती. सोमीताईस जयवंतीचा सा. न. वि. वि.

भातकापणी झाली असेल. तुम्ही भट्टीवर निघायच्या आत हे पत्र पोचावं म्हणून घाईने लिहिते.

ठेकेदाराने चंदूला परत बोलावलं आहे. पण एक भानगड आहे. जुन्या नावावर घेतला तर जुने महिने धरावे लागतात, म्हणून त्याला नवीन कार्ड देणार, आणि त्या कार्डावर नाव किसन. काम तेच, मशीन तेच, माणूस तोच, नाव फक्त किसन. हे म्हणतात, पुष्कळ जण असेच आहेत. एकाला तर दोन वर्षांत तीन नावं झाली, आता घरात हाक मारली तरी लगेच वळत नाही.

चंदू नाही म्हणून दाभोशाला जाऊन बसला आहे. हे म्हणतात घेऊन टाक, नाव काय पोटात घालायचं आहे? तूच काय ते सांग.

आणखी एक तुला सांगायचं राहिलं आहे. ममताने मला जुलैतच विचारलं होतं, पॅकिंगला मुली घेतात का. घेतात, ताई. आत्ताही घेतायत. मी लपवलं, कारण तू म्हणाली असतीस की मी तुझी पोर पळवते. आता म्हण काय म्हणायचं ते. तुझा धाक आहे म्हणून तर मी अजून लहान आहे.

तुझी,
जयवंती

---

साखरशेत
२७ नोव्हेंबर २००२

चि. सौ. जयवंतीस आशीर्वाद. वि. वि.

तू माझी पोर पळवतेस. घे, म्हटलं.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी चंदू आला. म्हणाला, मामी, दुसऱ्याच्या नावाने मी नाय राबणार, मी इथंच राहतो, तुमच्याबरोबर भट्टीवर येतो. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पोर वर राहील, जावई वर राहील, दिवाळीला भट्टी, पावसाळ्याला खाचर, जसं आमचं झालं तसं.

तर ममता हातातला विळा ठेवून त्याला म्हणाली, भट्टीवर मालक नाव विचारतो का? सगळ्यांना एकच शिवी देऊन हाक मारतो. त्यापेक्षा किसन बरा. तू किसन हो, मी पॅकिंगला लागते. तुला काढलं तर मी आहे, मला काढलं तर तू आहेस, दोघांना काढलं तर वरचं खाचर आहे.

मी जी भडकले! म्हटलं, पोरीने कंपनीत जायचं, खोलीला कुलूप लावायचं, हा कुठला संसार? जावयाला भाग पाडून माझ्या चिखलात आणला, तो काय पोर त्याच्या मागे धाडायला?

तेव्हा तुझे भावजी बोलले. हो, तेच. माझ्याशी. म्हणाले, तो आपल्या चिखलात उतरला तेव्हा तू खूश झालीस. आता पोर त्याच्या चिखलात उतरते आहे. तुझाच रिवाज आहे, फक्त बांध बदलला.

आन् परत गप्प झाले. आता पुढचं बोलणं नातवाच्या बारशाला होईल.

मी भांडी घासायला बसले, घासलेलीच परत घासली. सकाळी चंदूला सांगितलं, जा, हो किसन. पण लग्नाच्या पत्रिकेत चंदू छापायचा, आन् माझ्या मांडवात कोणी किसन आला तर त्याला पंगतीत बसू देणार नाय.

उद्या आम्ही भट्टीवर निघतो. पॅकिंगच्या पोरींवर कुठली बाई असते, ती कशी आहे, त्याची आधी चौकशी करून ठेव. तुझ्यावर सोपवते. नीट सांभाळ, नायतर मी खाली येईन, आन् मी खाली आलेली तुला परवडणार नाय.

सोमी

---

साखरशेत
१२ मे २००३

चि. सौ. जयवंतीस आशीर्वाद. वि. वि.

लग्नात तू लवकर गेलीस, हरेशभाऊंची पाळी होती म्हणून. पाठवणीचं तुला सांगायचं राहिलं.

दोघांना घेऊन मी जव्हारच्या नाक्यावर आले. तुझे भावजी पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन. तिथून जीप. तुला माहीत आहे, त्या जीपवाल्यांशी मी जन्मभर भांडले. माणसं कोंबल्याशिवाय सोडत नाय, ऊन असो, पाऊस असो, बाळंतीण असो. किती वेळा मी बॉनेटवर हात आपटून म्हटलं असेल की सोड रे आता.

त्या दिवशी ममता आन् चंदू आत बसले, आन् तीन माणसांची जागा राहिली. जीपवाला विडी ओढत उभा. एक म्हातारा आला, त्याला मी सांगितलं, मागे एसटी येते आहे, रिकामी आहे, तीत बसा. कुठली एसटी? म्हातारा बिचारा सावलीत जाऊन बसला. मंग एक बाई आली, कडेवर पोर. तिलाही एसटीच सांगितली. जीपवाल्याच्या ध्यानात आलं. तो मला म्हणाला, मावशी, माझं गिऱ्हाईक का तोडता? मी म्हटलं, एवढी घाई कशाला करतोस, मेल्या, कुठं आग लागली आहे? ममता खिडकीतून बघत होती. तिला सगळं कळत होतं. हसत होती, आन् पदराने डोळे पुसत होती. चंदू पेटीवर हात ठेवून बसला होता, पांढरे बूट घालून.

मंग मोखाड्याची गाडी आली आन् तिच्यातून माणसं धावत आली. मी काही सांगायच्या आत चढली.

भरली मेली.

खुशाली लिही. तिच्या हातची भाकर तुला आवडली का ते लिही, माझ्यापेक्षा बरी आहे असं मात्र लिहू नको. ताईचा जीव तुमच्याकडे आहे, जपून ठेवा.

सोमी